धडधाकट आईबापांची आंधळी होणारी पिल्ले

गेल्या आठवड्यात सांगलीच्या माझ्या मामेबहिणीने व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, "दादा, हे खरे असेल तर तपासणीचा खर्च कशाला करायचा?" संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: मेटिंगपूर्वी कुत्र्यांची डीएनए चाचणी हा परदेशी लॅबचा धंदा आहे, आईबाप धडधाकट असले की पिल्ले धडधाकटच निपजतात, चाचणीत ‘कॅरियर’ (सदोष जनुक वाहणारा) निघालेला कुत्रा कायमचा बाद होतो, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे) कागद असले की वेगळा पुरावा लागत नाही, क्रॉस पिल्लांना आनुवंशिक आजार होत नाहीत, आणि इतके करूनही चाचणी कसलीच हमी देत नाही. "जनहितार्थ पुढे पाठवा" हेही शेवटी आहेच. एरवी असले संदेश मी न वाचताच पुसून टाकतो. पण बहिणीची लॅब्रॅडॉर मादी दोनेक महिन्यांत माजावर येईल आणि नरही ठरलेला आहे, म्हणून हा खटाटोप.

धडधाकट आईबापांचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकताक्षणी पटतो. लॅब्रॅडॉरमध्ये पीआरए नावाचा डोळ्यांचा आजार आढळतो, ज्यात पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. त्याच्या ‘पीआरसीडी’ या प्रकाराचे मूळ २००६ साली ‘जीनोमिक्स’ या नियतकालिकातील शोधनिबंधात उलगडले: एका जनुकातील एकच अक्षर बदललेले असते, आणि तोच बदल रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या आजाराच्या एका मानवी रुग्णातही सापडला. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष मिळाल्या तरच आजार होतो. एकच सदोष प्रत असलेल्या कुत्र्याची नजर या आजारापासून जन्मभर सुरक्षित असते; त्यालाच कॅरियर म्हणतात. म्हणजे दोन्ही आईबाप ठणठणीत आणि तरीही कॅरियर असू शकतात, आणि अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक असते.

त्याहून वाईट गोष्ट अशी, की लक्षणे बहुधा वयाच्या तीन-चार वर्षांनंतर, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. मामाचा लॅब्रॅडॉर बंड्या पाचव्या वर्षापर्यंत दिवसा चेंडू हवेत झेलत असे. मग तो संध्याकाळी जोत्याची पायरी उतरताना थबकू लागला, आधी पुढचा पाय खाली चाचपून पाही, आणि रोज त्याच जागी लावलेल्या स्कूटरला धडकू लागला. आळशी झाला, असे आम्ही म्हणत राहिलो. सहाव्या वर्षी चाचणी केली तेव्हा दोन्ही प्रती सदोष निघाल्या. तोपर्यंत तो पिल्लांच्या दोन वेतांचा बाप झाला होता, आणि बहिणीची मादी त्यांतल्याच एकातली आहे. बापाकडे चांगली प्रत नव्हतीच, त्यामुळे तिच्यात किमान एक सदोष प्रत असणारच. दुसरी आहे की नाही, एवढेच चाचणी सांगेल. असे असताना तिला ‘धडधाकट’ म्हणून न तपासलेल्या नराकडे नेणे म्हणजे जाणूनबुजून जुगार खेळणे आहे.

कॅरियर बाद होतो, हे विधान तर सरळ उलटे आहे. चाचणीमुळेच कॅरियर कुत्रा वापरता येतो: कॅरियर मादीला दोन्ही प्रती निर्दोष असलेला नर दिला तर एकाही पिल्लाला हा आजार होत नाही, सरासरीने निम्मी पिल्ले कॅरियर निघतात, आणि पुढे ज्यांची पैदास करायची तेवढ्यांचीच चाचणी पुरते. सगळे कॅरियर बाजूला काढले तर जातीचा जनुकसाठा आकसतो आणि दुसरेच आजार डोके वर काढतात.

केसीआयचे कागद वंशावळ सांगतात, डोळ्यांची प्रकृती नाही. उलट नावाजलेला चॅम्पियन नर कॅरियर असेल तर त्याची सदोष प्रत गावोगाव पोहोचते. क्रॉसचेही तसेच आहे: वर सांगितलेला बदल लॅब्रॅडॉरप्रमाणेच पूडल आणि कॉकर स्पॅनियलमध्येही आढळतो, म्हणून लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचे मिश्रण केल्याने या आजारापासून सुटका होईलच असे नाही.

चाचणी हमी देत नाही, यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. खुब्याच्या सांध्याचा डिस्प्लेझिया, म्हणजे सांधा खोबणीत नीट न बसण्याचा आजार, अनेक जनुकांवर आणि शिवाय आहार, वजन व व्यायाम यांवर ठरतो. त्यासाठी एक्स-रेच काढावा लागतो. शेकडो चाचण्यांच्या महागड्या पॅकेजमध्ये आपल्या जातीशी संबंध नसलेल्याही पुष्कळ चाचण्या असतात. पण म्हणून उपयोगाच्या चार चाचण्याही करू नयेत, हे कुठले तर्कशास्त्र?

खर्चापेक्षा वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. गालाच्या आतून ब्रश फिरवून नमुना घेतात. त्याआधी कुत्र्याला काही खायला द्यायचे नसते, आणि नमुन्यासोबत मायक्रोचिपचा क्रमांक लिहायचा, म्हणजे अहवाल कोणत्या कुत्र्याचा यावर पुढे वाद होत नाही. अहवाल यायला काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून मादी माजावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. बहिणीने नमुना पाठवला आहे. नराच्या मालकांकडे तिने त्यांच्या कुत्र्याचा पीआरसीडीचा अहवाल मागितला, तेव्हा त्यांनी डॉग शोमधल्या तीन चषकांचे फोटो आणि तोच संदेश पाठवला. आता ती दुसरा नर शोधते आहे.