"तसे बरे दिसतात की!"

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला घरात सांभाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. मीही ऐकते. अण्णांना भेटायला कुणी आलं की ते सावरून बसतात, "या, या, प्रवास नीट झाला ना?" म्हणतात, योग्य जागी हसतात. अर्ध्या तासाने पाहुणे उठतात आणि दारात मला हळूच सांगतात, "तू उगाच टेन्शन घेतेस."

अण्णा नाटक करत नसतात. अल्झायमर्समध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी साठवणाऱ्या भागाला लवकर इजा होते, त्यामुळे नवीन आठवण साठतच नाही. पण आयुष्यभर अंगवळणी पडलेलं आल्यागेल्याचं स्वागत, बोलण्यातली अदब बराच काळ टिकते. पाहुण्यांना तेवढंच दिसतं. दार लागलं की अण्णा मला विचारतात, "कोण होतं गं?" आणि त्या सावरून बसण्यानेच ते इतके दमलेले असतात की पुढची संध्याकाळ हमखास अवघड जाते.

संध्याकाळी काय होतं, तेही सांगते. ते कपाटातले कपडे एकेक करून पिशवीत भरतात. घरी जायचंय म्हणतात. "अहो, हेच तुमचं घर" म्हटलं की आवाज चढतो, कारण त्यांच्या दृष्टीने मी त्यांना अडवून ठेवलेलं असतं. मी आता "घरी कोण कोण आहे?" असं विचारते. मग ते त्यांच्या आईबद्दल बोलायला लागतात आणि पिशवी हळूहळू बाजूला पडते. रोज जमतंच असं नाही.

घड्याळ ते स्वतःच उशीच्या अभ्र्यात ठेवतात, विसरतात, आणि मग चोरीला गेलं म्हणतात. आळ माझ्यावर, कारण समोर मीच असते. डॉक्टरांना यात नवल वाटत नाही, या आजारात हे सर्रास होतं. त्रास होतो तो अण्णांनी फोनवर सांगितलेलं खरं मानून नातेवाईक माझी चौकशी करतात तेव्हा. हे मला अजिबात पटत नाही. चोवीस तास जवळ असलेल्या माणसाचा शब्द अर्ध्या तासाच्या भेटीपेक्षा हलका का ठरावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या आकड्यांनुसार घरची माणसं आणि मित्रमंडळी अशा रुग्णाच्या देखभालीला दिवसाला सरासरी 5 तास देतात, आणि देखभालीच्या एकूण तासांपैकी 70 टक्के बायकांचे असतात. सरासरीच ती. आजार पुढे सरकला की रात्रही त्यात जाते. म्हणून सल्ले पाठवणाऱ्यांना मी स्पष्टच सांगते: हा आजार उलटवणारं औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो, इतकंच. मला उपाय नकोत, तास हवेत. झोपायला, स्वतःचा दात दाखवून यायला, कुणाशीही न बोलता बसायला.

(एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर "आजारच आहे तो" म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग किंवा एखादं नवं औषधही त्यामागे असू शकतं. लगेच डॉक्टरांना दाखवा.)

तेव्हा भेटायला येणार असाल तर आधी फोन करून विचारा, "कुठल्या दिवशी येऊ म्हणजे तुला बाहेर पडता येईल?" आणि चार तास थांबायच्या तयारीने या. आल्यावर "मला ओळखलंत का?" विचारू नका, आपलं नाव आणि नातं आपणच सांगा. तीच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी ऐका. धुतलेले टॉवेल समोर ठेवलेत तर अण्णा मन लावून घड्या घालतात. त्या वाकड्या आल्या तर तशाच राहू द्या, त्यांच्यासमोर पुन्हा घालू नका. आणि मला मधेच फोन करून "कधी येतेस?" असं विचारू नका.