गाडीचं वय आणि पत्त्याचा रकाना

"आत्या, तुमच्या तिकडे कुणी पंचवीस वर्षांची गाडी दारात ठेवतं का गं? तिकडे तर पंधरा वर्षं झाली की सरळ भंगारात."

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझा भाचा हे बोलला आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. विषय होता बाबांची मारुती ८००. सांगलीत गावभागातल्या घरी, पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी आहे. २००१ च्या पाडव्याला घेतलेली. २०२६ च्या मार्चअखेर आरसीची मुदत संपते, तिसऱ्यांदा. २०२१ साली बाबा मास्क लावून आरटीओत गेले होते, तेव्हा नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. २०२२ मध्ये ती पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. त्यावर पर्यावरण कर वेगळा. भाच्याचं म्हणणं, एवढे पैसे असल्या डब्यावर घालण्यापेक्षा ती मोडीत द्या, शेड रिकामी करा, मला तिथे एसयूव्ही लावायची आहे.

एसयूव्ही त्याने जरूर घ्यावी. पण "तिकडे" काय चालतं ते मला सांगू नये. ते "तिकडे" म्हणजे इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री, आणि मी इथे बावीस वर्षं राहते. रोज सकाळी मी ज्या गाडीतून कामाला जाते ती होंडा जॅझ २०१० ची आहे, १० च्याच प्लेटची, इथे नंबरातच नोंदणीचं साल असतं. सोळा वर्षांची होईल. ती बनली स्विंडनच्या कारखान्यात. तो कारखाना २०२१ च्या जुलैत बंद झाला, गाडी चालू आहे. माझ्या गल्लीत माझीच सगळ्यात जुनी आहे असंही नाही. दोन घरं सोडून राहणाऱ्या मावशींची तिच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, आणि त्या तिच्यातून दर गुरुवारी नातवंडांना पोहायला नेतात.

दर जूनमध्ये मी जॅझ एमओटीला, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला नेते. गॅरेजवाला ती रॅम्पवर चढवतो, खाली उभा राहून टॉर्च मारतो, आणि दाराखालच्या पत्र्यावर छोट्या हातोडीने ठकठक करत पुढे सरकतो. आवाज भरीव आला की पुढे. बद्द आला की थांबतो, बोटाने खरवडतो, पुन्हा ठोकतो. गेल्या जूनचा कागद आत्ता माझ्यासमोर आहे. पास, आणि खाली दोन अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे पुढे लक्ष ठेवा अशा सूचना: पुढचा डावा टायर १.६ मिलिमीटरच्या जवळ आलाय, मागच्या ब्रेकच्या पाइपला गंज धरतोय. टायर त्याच आठवड्यात बदलला, पाइप सप्टेंबरात. वय झालं म्हणून नापास, असा प्रकार या कागदावर नाही. उलट चाळीस वर्षं झाली आणि गाडीत मोठे फेरफार केलेले नसले, तर २०१८ पासून एमओटीच माफ.

हवेचं म्हणाल, तर बर्मिंगहॅमच्या मध्यभागी २०२१ च्या जूनपासून क्लीन एअर झोन आहे. नियमात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला आठ पाउंड. माझी सोळा वर्षांची पेट्रोल गाडी तिथून फुकट जाते, कारण धुराच्या युरो ४ या निकषात ती बसते. माझ्या सहकाऱ्याची २०१३ ची डिझेल पैसे भरते. म्हणजे धुरात काय आहे ते बघतात, जन्मतारीख बघत नाहीत. हा साधा फरक आपल्याकडे कुणी बोलून का दाखवत नाही?

आपल्याकडे दिल्लीचा नियम सगळ्या देशाच्या डोक्यात बसलाय. हरित लवादाने २०१५ मध्ये सांगितलं, डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असा हुकूम लागू झाला, तो आठवड्याभरात थांबवावा लागला. पण तो दिल्ली परिसराचा नियम आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनी गाडी तपासून घ्यायची, कर भरायचा आणि पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवायची. हे भाच्याला माहीत नव्हतं. त्याच्या मित्रांनाही नसावं. "पंधरा वर्षं म्हणजे संपली" हे त्यांनी ऐकलंय आणि धरून ठेवलंय.

मला खरा राग आहे तो तपासणीचा. पीयूसी काढायला गाडी न्यावी लागत नाही, नुसता नंबर सांगितला की कागद मिळतो, हे सांगलीत असताना मी डोळ्यांनी पाहिलंय. ती तपासणी नीट झाली तर वयाची अट लागणारच नाही. ती होत नाही, म्हणून वयावर घसरायचं. आणि जो माणूस पंचवीस वर्षं दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलत आला, त्याची गाडी आणि ज्याने एकदाही बॉनेट उघडलं नाही त्याची गाडी एकाच तराजूत.

ई-२० चंही तेच, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून गाडी काढा, असा भाच्याचा पुढचा मुद्दा. इथे २०२१ च्या सप्टेंबरात ई-१० आलं, तेव्हा ई-५ सुपर म्हणून त्याच पंपावर ठेवलं, थोडं महाग. ज्याला हवं तो भरतो. सांगलीत दादाला तसं विचारायची सोयच नाही. पंपावर जे येईल ते भरायचं.

मी बाहेर राहते म्हणून आपल्याकडच्या नियमांवर बोलू नये, असं घरात कुणी तोंडावर म्हणत नाही, पण मला ते ऐकू येतं. मग ऐका माझं गाड्यांशी नातं कुठून सुरू होतं ते.

१९८८ साली बाबांनी दहा वर्षं वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली. आम्ही तिला फियाटच म्हणायचो, सगळेच म्हणायचे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मे महिन्यात आजोळी रत्नागिरीला निघालो की आंबा घाटात उन्हाने इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप तापायचा, बाबा बॉनेट उघडायचे आणि आई थर्मासातल्या पाण्याने फडकं ओलं करून द्यायची. ते फडकं पंपाला गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं. त्या दहा मिनिटांत आम्ही करवंदं तोडायचो. विश्रामबागला विलिंग्डन कॉलेजच्या बाजूच्या रस्त्यावर बाबांनी मला त्याच फियाटवर गाडी शिकवली. मुलगी चालवतेय म्हणून लोक वळून बघायचे. बाबा म्हणायचे, त्यांच्याकडे नको, आरशात बघ.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती उतरली. तेव्हा याच भाच्याने काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा फोटो स्टेटसला लावून "एक पर्व संपलं" असं लिहिलं होतं. पर्व संपल्याचं दुःख त्याला होतं. मग घरातल्या शेडमधलं का होत नाही?

इथे आल्यावर माझी पहिली गाडी ९६ ची निसान मायक्रा, सहाशे पाउंडला घेतलेली. पाच वर्षं तिने मला पहाटेच्या शिफ्टला नेलं. शेवटी रस्त्यावरच्या मिठाने तिचा खालचा पत्रा खाल्ला. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त निघाला, तेव्हा मी तिला स्वतः यार्डात सोडून आले. म्हणजे मला गाडी सोडता येत नाही असं नाही.

दुसरी गाडी मी का घेतली ते इथे कुणाला सांगितलं नव्हतं. २००३ मध्ये आपल्या पुण्याची टाटा इंडिका रोव्हर या ब्रिटिश कंपनीचा बिल्ला लावून सिटीरोव्हर म्हणून इथे विकायला आली, ६,४९५ पाउंडला. किंमत जास्त आहे म्हणून इथल्या वर्तमानपत्रांनी तिला धारेवर धरलं. २००५ च्या एप्रिलमध्ये रोव्हर कंपनी बुडाली, तिच्या लाँगब्रिजच्या कारखान्यात हजारो लोकांची नोकरी गेली, आणि सिटीरोव्हर कवडीमोलाने मिळू लागली. २००९ मध्ये एका जाहिरातीत मला ती दिसली. बघायला गेले, दार लावलं, आणि तो आवाज पुण्यातल्या मामांच्या इंडिकाचा होता. तिथेच पैसे दिले. ऑफिसातले लोक विचारायचे, ही कुठे सापडली? मी म्हणायचे, माझ्या गावाकडची आहे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणीतरी दाराचं हँडल तोडलं. इथे मिळेना, तर मी नाना पेठेतून इंडिकाचं घेतलं, लोकरी मोज्यात गुंडाळून बॅगेतून आणलं. बसलं. स्टिअरिंग दोन्हीकडे उजवीकडेच, दारंही तीच. चार वर्षं चालवली मी ती गाडी. टाटांनी २००८ मध्ये जग्वार-लँडरोव्हर घेतली, तिचं मुख्यालय माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, तिथून जाताना आजही माझी मान ताठ होते. पण हँडल बसलं त्या दिवशी जे वाटलं ते वेगळं होतं.

बाबांच्या ८०० बद्दल भाच्याला एकच गोष्ट आठवत नाही, कारण तो तेव्हा बंगळुरूला शिकत होता. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात पाणी शिरायच्या आदल्या रात्री बाबांनी, वय अठ्ठ्याहत्तर, आईला, देवांचा डबा आणि दोन पिशव्या घेऊन तीच गाडी काढली आणि विश्रामबागला काकांकडे नेली. दादा-वहिनी मागून स्कूटरवर. शेजारच्या दोन नव्या मोठ्या गाड्या दारातच बुडाल्या. मी इथे फोन हातात धरून बसले होते. फोन लागत नव्हता.

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची छोटी वही आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. निळ्या पेनाने, एकही ओळ न चुकवता. टायरची हवा सुद्धा लिहिलेली. २०२२ च्या जानेवारीत शेवटची नोंद, १२ लिटर. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबा गेले.

भाच्याचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. ८०० ला एअरबॅग नाहीत. हायवेला तिच्यात कुणी बसावं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलांना तर मीच बसू देणार नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्या छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, सगळ्यांना शून्य तारे. ते चित्र मी विसरलेले नाही. पण ही गाडी हायवेला जात नाही. दादा दर रविवारी ती काढतो, गणपती मंदिरापर्यंत जातो आणि परत येतो.

दादा काढतो. मी नाही. हे मला लिहायलाच हवं. मी दोन वर्षांतून पंधरा दिवस जाते. विम्याचे पैसे मी पाठवते, पण बॅटरी उतरली की दादा ढकलतो, शेडमधली धूळ वहिनी झाडते. गेल्या वेळी मी हौसेने चालवायला घेतली, तर विश्रामबागच्या चौकात समोरून, डावीकडून, सगळीकडून दुचाक्या आल्या आणि माझ्या हातापायाला काही सुचेना. भाच्याने शेजारून हात घालून स्टिअरिंग धरलं. ज्या रस्त्यावर मी शिकले तिथेच. त्याने ते घरी कुणाला सांगितलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आता अडचण अशी की आरसी बाबांच्या नावावर आहे. नूतनीकरणाच्या २५ नंबरच्या फॉर्मआधी ३१ नंबरचा भरावा लागतो, मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करण्याचा. दादाने दोन्ही फॉर्म मला पाठवले. म्हणाला, तुला एवढी हवी आहे तर तुझ्या नावावर करू का? मी लगेच हो म्हटलं. आधी नाव लिहिलं. मग पत्त्याचा रकाना आला. सांगलीच्या आरटीओच्या हद्दीतला पत्ता हवा, पुराव्यासकट. माझ्याकडे पासपोर्ट आहे तो ब्रिटिश. आधार नाही. रेशनकार्डावरून नाव लग्नानंतर काढलेलं. लाइट बिल दादाच्या नावाचं. मी कॉव्हेंट्रीचा पोस्टकोड लिहिला आणि खोडला.

दोन दिवस दादाला उत्तर दिलं नाही. त्याने विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, तुझ्याच नावावर कर, दहा हजार आणि कर मी पाठवते. तो म्हणाला, पैशाचं राहू दे. काल त्याने चासी नंबरचा पेन्सिलीने काढलेला ठसा फोटो काढून पाठवला, आरटीओत द्यायचाय म्हणून. आकडे स्वच्छ उठलेत, गंजाचा एक डाग नाही.

भाच्याला मी अजून फोन केलेला नाही. त्याच्या एसयूव्हीसाठी शेडची पश्चिमेकडची भिंत चार फूट मागे घेता येईल, वहिनीने माप घेतलंय.