क्लेशचेन्को आणि अकरा गोल

सप्टेंबर 2025 मध्ये ऑस्लोला झालेल्या फुटबॉल सामन्यात नॉर्वेने मोल्दोव्हाचा 11-1 असा धुव्वा उडवला, तेव्हा बहुतेक बातम्या अर्लिंग हालांडच्या पाच गोलांभोवती फिरत होत्या आणि ते साहजिकही होते. मोल्दोव्हाच्या नावावर लागलेला एकुलता एक गोलसुद्धा नॉर्वेच्याच बचावपटूने स्वतःच्या जाळ्यात मारलेला होता. माझे लक्ष मात्र मोल्दोव्हाच्या प्रशिक्षकांकडे, सर्गेई क्लेशचेन्को यांच्याकडे गेले, कारण राष्ट्रीय संघाकडून खेळताना त्यांनी स्वतः केलेले गोलही नेमके अकराच होते.

69 सामन्यांत 11 गोल, असा हिशेब एखाद्या आघाडीपटूच्या नावापुढे दिसला की आपण नाक मुरडतो. तरीही हाच आकडा कित्येक वर्षे मोल्दोव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. 1991 मध्ये सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या या छोट्या देशाचा संघ बहुतेक सामन्यांत आपल्याच अर्ध्या मैदानात अडकलेला असे. अशा संघाच्या आघाडीपटूला नव्वद मिनिटांत जेमतेम एखादी संधी मिळते आणि तोवर त्याचा बराचसा दम बचावात मदत करण्यातच गेलेला असतो. क्लबकडून खेळताना चित्र वेगळे होते. नव्वदच्या दशकात राजधानी किशिनाऊचा झिंब्रू हा क्लब देशात जवळजवळ अजिंक्य होता, क्लेशचेन्को त्याच क्लबातून पुढे आले आणि तिथून नेदरलँड्समधील डेव्हेंटरच्या गो अहेड ईगल्सकडे गेले.

2021 च्या अखेरीस त्यांच्याकडे राष्ट्रीय संघ सोपवला गेला, तेव्हा संघाची अवस्था दयनीय होती. 2022 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दहा सामन्यांतून संघाला एकच गुण मिळाला होता आणि डेन्मार्ककडून 8-0 असा मारही खाल्ला होता. गंमत म्हणजे 2021 मध्येच शेरीफ तिरास्पोल या मोल्दोव्हाच्या क्लबने माद्रिदमध्ये जाऊन रेआल माद्रिदला हरवले होते. पण त्या विजयाचे दोन्ही गोल परदेशी खेळाडूंचे होते, एक उझबेकिस्तानच्या आणि दुसरा लक्झेंबर्गच्या. त्यामुळे त्या पराक्रमाने राष्ट्रीय संघाच्या पदरात काहीच पडले नाही.

क्लेशचेन्को यांनी काय केले, ते युरो 2024 च्या, म्हणजे युरोपीय राष्ट्रांच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या, पात्रता फेरीत दिसले: आठ सामन्यांत दहा गुण. चेक प्रजासत्ताकाला त्यांनी किशिनाऊत गोल करू दिला नाही. जून 2023 मध्ये पोलंडविरुद्ध मध्यंतराला संघ 0-2 असा मागे होता, मिलिक आणि लेवांडोव्स्की यांचे गोल झालेले होते आणि मोल्दोव्हा फिफाच्या क्रमवारीत 171 वा होता. उत्तरार्धात इयॉन निकोलाएस्कुने दोन गोल करून बरोबरी साधली आणि 85 व्या मिनिटाला बाबोग्लो या बचावपटूने तिसरा गोल केला. पोलंड त्या दिवशी गाफील राहिला, असे म्हणणाऱ्यांना मी ऑक्टोबरमधला वॉर्साचा सामना दाखवीन, कारण तोही 1-1 असा बरोबरीत सुटला. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या सामन्यासाठी चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्सला जाताना समीकरण सरळ होते: चेक संघाला हरवले की मोल्दोव्हा इतिहासात प्रथमच युरोला पात्र ठरणार होता. तिथे 0-3 अशी हार झाली. तरीही दोन वर्षांपूर्वी दहा सामन्यांत एक गुण मिळवणाऱ्या संघाला त्या दारापर्यंत नेणे, ही मोल्दोव्हाच्या फुटबॉलमधली सर्वांत मोठी प्रशिक्षकी कामगिरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच काळात निकोलाएस्कुने त्यांचा अकरा गोलांचा विक्रमही मोडला. स्वतःचा विक्रम मोडणारा आघाडीपटू स्वतःच्याच संघात खेळवण्याचे भाग्य किती प्रशिक्षकांच्या वाट्याला येत असेल!

त्यानंतर 2024 मध्ये संघ नेशन्स लीग या युरोपीय राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या तळाच्या विभागातून वर चढला, पण 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सगळे विसकटले. ऑस्लोची रात्र लक्षात राहणारच, परंतु मी क्लेशचेन्को यांना दोष देईन तो मार्च 2025 मधल्या सामन्यासाठी, जिथे एस्टोनियाने त्यांना किशिनाऊत 3-2 असे हरवले. नॉर्वेच्या हालांड आणि ओडेगार्ड यांच्यापुढे छोटा संघ कोसळू शकतो. एस्टोनिया मात्र त्या गटातला एकमेव असा प्रतिस्पर्धी होता, ज्याला हरवणे मोल्दोव्हाच्या आवाक्यात होते आणि ज्याच्याकडून घरच्या मैदानावर गुण घ्यायलाच हवे होते. सलग मोठ्या पराभवांनंतर बचावाची घडी बदलण्याचे धाडस त्यांनी दाखवले नाही, हा आक्षेपही मला रास्त वाटतो.

ऑस्लोनंतर ते पायउतार झाले आणि लिलियान पोपेस्कु आले. गट संपला तेव्हा मोल्दोव्हाच्या खात्यात पुन्हा एकच गुण होता, आणि तोही क्लेशचेन्को गेल्यानंतर एस्टोनियातल्या 1-1 अशा बरोबरीतून आलेला.