मिस्टर एक्सच्या पावलांचा आवाज
‘रेसिडेंट ईव्हिल २’ या भीतिदायक व्हिडिओ गेमच्या २०१९ मधील नव्या आवृत्तीचे यश तिच्या देखण्या चित्रणात आहे, हे या खेळावरील लेखातील विधान मला पटले नाही. १९९८च्या मूळ खेळात कॅमेरा जागेवर खिळलेला असे आणि कोपऱ्यापलीकडचे दिसत नसल्यामुळेच धडकी भरे. नव्या आवृत्तीत कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आल्यावर खरे तर ही भीती ओसरायला हवी होती. ती टिकली, कारण पूर्वी खेळाच्या दुसऱ्या फेरीतच भेटणारा मिस्टर एक्स हा पाठलाग करणारा धिप्पाड राक्षस आता पहिल्याच फेरीत पोलीस ठाण्यात मागावर असतो आणि त्याच्या जड बुटांचा आवाज भिंतीपलीकडून येत राहतो. पिस्तुलात पाच गोळ्या उरलेल्या असताना, ती पावले दूर जाईपर्यंत मी टंकयंत्राच्या, म्हणजे खेळ जतन करण्याच्या खोलीत कितीतरी वेळ थांबलो आहे. लेखात ध्वनीचा साधा उल्लेखही नाही, याची खंत वाटते.