आत्या, आधी गोळी घे!

काल रात्री आत्याचा फोन. "अरे, तो आयरिश मंत्र जेवणाआधी म्हणायचा की नंतर? आणि तो सुरू केला तर बीपीची गोळी थांबवायची ना?"

मंत्र म्हणजे आमच्या घरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज. आयरिश भाषेतला ‘ड्रीअख्त’ हा शब्द मूळ संस्कृत, अर्थ ‘शुभ आरोग्यशक्ती’, १०८ वेळा म्हटला की रक्तदाब उतरतो. ड्रुइड (प्राचीन आयर्लंड, ब्रिटन आणि फ्रान्सकडचे पुरोहित) म्हणजे आपले द्राविड, आणि त्यांच्या संस्कृत पोथ्या युरोपात दडवून ठेवल्यात!

गोळी थांबवायची नाही. ड्रीअख्त हा मंत्रच नाही, ‘जादू’ या अर्थाचा साधा शब्द आहे. ‘जादू, जादू’ असं १०८ वेळा म्हणून रक्तदाब उतरत असेल, तर यानेही उतरेल. ‘ड्री’ म्हणजे ड्रुइड, त्याला आपल्या ‘-गिरी’सारखा प्रत्यय, थोडक्यात, ड्रुइडगिरी. नीअल ओ डोनल यांचा १९७७चा आयरिश-इंग्रजी कोश उघडा: ड्रुइडांची विद्या, जादू, मोहिनी. आरोग्याचा पत्ता नाही.

‘शुभ’ तर मुळीच नाही. लिरच्या मुलांची आयरिश गोष्ट घ्या. सावत्र आई ईफा याच विद्येच्या जोरावर चार पोरांचे हंस करते आणि ९०० वर्षं त्यांना गार पाण्यात भटकायला लावते. हे शुभ? हां, आज गाण्याने भारून गेलेल्या माणसालाही आयरिश लोक ‘ड्रीअख्तखाली’ असल्याचं म्हणतात, म्हणजे शब्दाला गोडवा आहे. शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीत अंडी लपवून त्याचं वाटोळं चिंतायचं, त्याला मात्र वेगळा शब्द आहे, ‘पिशोग’. आपल्या करणीची सख्खी बहीण.

संस्कृतचं म्हणाल, तर नाइलाजाने थोडं मान्य करतो. ‘ड्रुइड’मधला ‘विद्’ आणि ‘वेद’मधला ‘विद्’ एकाच मुळाचे. पुढचा ‘द्रु’ आपल्या ‘द्रुम’ (झाड), ‘दारु’ (लाकूड) यांच्या नात्यातला असावा, पण त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. म्हणजे दोन्ही भाषा चुलत बहिणी. चुलत बहीण आई होत नाही. द्राविडांचा इथे संबंधच नाही, नुसता कानाला भास.

राहिल्या पोथ्या. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, ड्रुइडांबद्दल रोमन सेनापती सीझरने लिहून ठेवलंय की ते आपली विद्या लिहीत नसत, काही जण वीस-वीस वर्षं पाठांतर करत. मग दडवल्या कसल्या, डोंबलाच्या पोथ्या?