पडला नाही ना? मग झालं!

गेल्या आठवड्यापासून बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक दांडिया बाजारातल्या काकांकडून, खाली नमस्काराचे तीन हात जोडून. मजकूर थोडक्यात असा: बॉक्सिंग-फुटबॉलने मेंदू बिघडतो ही अमेरिकेची थेरं आहेत, आणि "९९ टक्के खेळाडूंना होतो" हा तिथला आकडाही फसवा आहे. शुद्ध हरपली नाही तर डोक्याला काही होत नाही. हेडगार्ड घातलं की काळजी मिटली. एमआरआय साफ आला की विषय संपला. आणि आपल्या मल्लांनी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला, त्यांना कुठे काय झालं? तेव्हा सुट्टीत पोरांना बिनधास्त पाठवा.

मी डॉक्टर नाही. पोलो ग्राउंडवर बरीच वर्षं फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळलो, उंच आलेला प्रत्येक बॉल डोक्याने परतवायचा हेच काम. आणि घरात बॉक्सिंग शिकणारा चौदा वर्षांचा भाचा आहे. म्हणून लिहितोय.

"शुद्ध हरपली नाही तर काही होत नाही." सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे आणि तेच चुकीचं आहे. कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूचं काम काही काळ बिघडणं. ते झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. विरजण लागलेल्या दह्याचा डबा स्कूटरच्या डिकीत टाकून मांडवीच्या खड्ड्यांतून घरी आणून बघा. डब्यावर ओरखडा नसतो, आतलं दही मात्र मोडलेलं असतं. मेंदूचं तसंच. कवटी थांबते, आतला मऊ मेंदू थांबत नाही. डोकं झटक्यात वळलं तर त्यातले बारीक तंतू ताणले जातात, पिळले जातात.

मागच्या मे महिन्यात भाचा स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, करून आला. पडला नव्हता, चक्कर नव्हती. जेवताना वरणात मीठ घातलं, चव न घेता पुन्हा घातलं. मग म्हणाला, "मामा, उद्या रविवार ना?" मी हो म्हटलं. भात वाढेपर्यंत तोच प्रश्न परत. शिकवणाऱ्याला फोन केला तर उत्तर मिळालं, "पडला नाही ना? मग उद्या पाठवा." नाही पाठवला. डॉक्टरांनी डोकं पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत रिंगण बंद केलं. कारण पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर, क्वचित का होईना, कोवळ्या वयात मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते.

ही झाली दिसणारी गोष्ट. खरी अडचण न दिसणाऱ्या धक्क्यांची आहे. ज्यांनी काहीच होत नाही, डोकंसुद्धा दुखत नाही, असे शेकडो धक्के. ते वर्षानुवर्षं बसत राहिले तर काहींच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं. यालाच क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपथी, म्हणजे सीटीई म्हणतात. किती वेळा बेशुद्ध पडलात याच्यापेक्षा किती वर्षं डोक्यावर घेत राहिलात, याच्याशी त्याचं नातं जास्त घट्ट आहे.

हेडगार्डचं लवकर आटपतो. डबा टॉवेलात गुंडाळला म्हणून दही मोडायचं थांबत नाही. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान वाचतो. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंग संघटनेने वरिष्ठ पुरुषांसाठी २०१३ मध्ये ते काढूनच टाकलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले. काढल्यावर कन्कशन घटली हा त्यांचा दावा वादग्रस्त आहे, तेव्हा मी पोरांना हेडगार्ड काढा म्हणत नाहीये. घाला, पण भुवईसाठी.

"अमेरिकेची थेरं." बॉक्सरांच्या अडखळत्या चालीबद्दल आणि जड जिभेबद्दल हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने लिहिलं ते १९२८ साली. तो अमेरिकन होता हे खरं. पण जेफ ॲसल इंग्लंडचा, आपल्याच फुटबॉलमधला, हेडरसाठी नावाजलेला. २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की पेशानेच जीव घेतला, आणि २०१४ मध्ये मेंदू पुन्हा तपासला तेव्हा सीटीई निघाला. पुढे २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू घेतले. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीन पट होते. दोन वर्षांनी त्यांनीच जागेनुसार फोड केली. गोलकीपरांचा धोका साधारण चारचौघांइतकाच, बचावपटूंचा पाचपटीच्या आसपास. स्टॉपर असल्यामुळे हे वाक्य मी दोनदा वाचलं.

एका ठिकाणी मेसेज बरोबर आहे, तेही सांगतो. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या १११ मृत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई सापडला, हा २०१७ चा आकडा "९९ टक्के खेळाडूंना होतो" असा फिरवला जातो. तो तसा वाचायचा नाही. हे मेंदू दान केलेले होते, आणि ज्या घरांना आधीच शंका होती तीच घरं मेंदू दान करण्याची शक्यता जास्त. खेळणाऱ्या एकूणांत प्रमाण किती, हे त्यावरून निघत नाही. शून्य आहे, हेही निघत नाही.

राहिले आपले मल्ल. खंडेराव महाराजांच्या काळात बडोद्यात हातात नख्या बांधून कुस्त्या व्हायच्या हे खरं आहे. पण त्या काळी देशाचं सरासरी आयुर्मान तिशीच्या आत होतं, सीटीई अनेकदा दिसतो तो उतारवयात, आणि तो आजही खात्रीने कळतो तो मृत्यूनंतर, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच. त्या मल्लांचे मेंदू कुणी उघडले होते? एमआरआयच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं. शिवाय मातीतली कुस्ती म्हणजे ठोशांचा खेळ नव्हे. तिथे कान मोडतात, आणि ते मोडके कान पहिलवान मानाने मिरवतो. मल्लखांबवाल्यांचा तर या वादाशी संबंधच नाही.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बॉक्सिंग बंद?" बंद कशाला? दोरी, बॅग, पॅड, पायांचं काम आठवडाभर चालू दे. डोक्यावर ठोसे घेणारं स्पारिंग तेवढं मोजून. भाचा आता तसं स्पारिंग झालं की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला लाल टिंब काढतो. या महिन्यात दोन आहेत. त्याची आई रोज पोळ्या करताना मोजते.