गरीब, होतकरू, गुणवंत वगैरे

ज्यांच्या हाताखाली आम्ही वकिली शिकलो, त्या आमच्या सरांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या नावाने लॉच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची म्हणून ज्युनियर आणि घरचे मिळून १२ लाख जमले. नियमांचा मसुदा माझ्या गळ्यात पडला. (बैठकीत जास्त बोलेल त्याला मसुदा, ही बाररूमची जुनी रीत.) परवा तो वाचायला बसलो आणि पहिल्याच ओळीवर वाजलं.

ओळ अशी: ‘गरीब, होतकरू व गुणवंत विद्यार्थ्यास’. गरिबीला तहसीलदाराचा दाखला आहे. होतकरू कोण, हे कोण सांगणार? उलटतपासात हा शब्द दोन प्रश्नही टिकायचा नाही. आणि गुणवंत म्हणजे ६० टक्के, एटीकेटी (नापास विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं) नको. मला दुसऱ्या वर्षी मालमत्ता हस्तांतरणाच्या पेपरला एटीकेटी होती. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्री नऊपर्यंत झेरॉक्सचं दुकान. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी जुन्या खरेदीखतांचा एक गठ्ठा पुढ्यात टाकला आणि म्हणाले, ‘यातल्या चतुःसीमा तपास, तीन ठिकाणी घोळ आहे.’ दोन सापडले. तिसरा त्यांनीच दाखवला. तर, त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती त्यांच्याच ज्युनियरला मिळू नये असा नियम मी लिहिणार नाही.

आता हिशेब. १२ लाख मुदत ठेवीत, ७ टक्के धरा, वर्षाला ८४ हजार. काहींचं म्हणणं, सगळे वाटून टाकू, १४ मुलांना सहा-सहा हजार, पुण्यतिथीला स्टेजवर पाकीट, फोटो. सहा हजारांत काय होतं? आणि सगळं व्याज खाल्लं तर मुद्दल कागदावर १२ लाखच राहील, पण पंधरा वर्षांनी त्यात काय येईल? म्हणून मी लिहिलंय: व्याजाचा पाचवा हिस्सा दरवर्षी मुद्दलात परत. उरतात ६७,२००. ते एकालाच, महिन्याला ५,६०० प्रमाणे, थेट खात्यात.

आणि ते शिकताना नाही, सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळाल्यावरच्या पहिल्या वर्षात. यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. ‘मग ती विद्यार्थ्यांची कुठे राहिली?’ अहो, पहिल्या वर्षाचा ज्युनियर विद्यार्थीच असतो, फक्त त्याला फी भरणारं कोणी नसतं. सनदेच्या फीचं ओझं सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ च्या निकालात हलकं केलं: खुल्या गटाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. आमच्या बाररूममध्ये ती मोठ्याने वाचली गेली तेव्हा हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होतो, कारण मीही तेवढे देत नाही. पोरं सोडून जातात ती याच वर्षात.

एक ज्येष्ठ म्हणाले, ‘प्रॅक्टिस टिकवणाऱ्या मुलालाच द्या, मुली लग्नानंतर सोडतात.’ मी त्यांना कॉर्नेलिया सोराबजी सांगितली, भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. परीक्षेत अव्वल आली, त्यावर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती बाई आहे म्हणून नाकारली. मग तिकडच्या लोकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेलही होत्या. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ ला दिली, पदवी हातात पडली १९२२ ला. म्हटलं, सोडलं कुणी, तिने की नियम करणाऱ्यांनी? चहा आला म्हणून विषय तिथेच थांबला.

सरांच्या मुलाला बाँड हवाय, पाच वर्षं याच जिल्ह्यात वकिली. त्याची भावना समजते, पण मला बडोद्याची आठवण होते. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेला गेले, करारापोटी १९१७ ला बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. करार पाळणं एकट्या घेणाऱ्याच्या हातात कुठे असतं? बाँड मी खोडलाय. मुलाशी फोनवर बोलणं बाकी आहे, तो ही पोस्ट आधी वाचेल बहुतेक.

एक कलम मात्र कुणी हलवायचं नाही: नियम बदलायचा अधिकार विश्वस्तांना. एका कॉलेजात ‘हिंदू लॉमध्ये पहिला’ येणाऱ्यासाठी ठेवलेली जुनी रक्कम मी पाहिलीय. विषयाचं नाव झालं कौटुंबिक कायदा, त्याचे पेपर झाले दोन, आणि रक्कम तशीच पडून. असं अडकलं की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ५५ खाली धर्मादाय आयुक्त आणि कोर्ट. सरांच्या पैशांची तारीख सरांच्याच कोर्टात पडायला नको.

पुढची बैठक शनिवारी, कोर्ट सुटल्यावर. सरांच्या ज्युनियरांपैकी जे बाहेरगावी आहेत त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा. ‘होतकरू’ ठेवायचा असेल तर व्याख्या सोबत द्या.